लीगमधली जागा शहराची असावी : अखिल भारतीय फुटबॉल महासंघास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारी समितीचे सर्व सदस्य,
अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, नवी दिल्ली
तसेच इंडियन सुपर लीगमधील चौदाही क्लबांचे संचालक

विषय : क्लबचे स्थलांतर आणि विसर्जन यांविषयी पुढील हंगामाच्या परवाना-नियमांत स्पष्ट तरतूद करण्याबाबत

महोदय,

२०२५-२६ चा हंगाम अखेर उभा राहिला, याचा आनंद आम्हा पुणेकर फुटबॉलप्रेमींनाही आहे आणि पत्राच्या सुरुवातीलाच त्याची नोंद करणे आम्हाला योग्य वाटते. महासंघाच्या व्यावसायिक हक्कांविषयी ८ डिसेंबर २०१० रोजी झालेला पंधरा वर्षांचा करार संपत आला, तेव्हा पुढे काय याचे उत्तर कोणाकडेच तयार नव्हते. ११ जुलै २०२५ रोजी लीगच्या आयोजक कंपनीने हंगाम स्थगित ठेवत असल्याचे क्लबांना कळवले. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. व्यावसायिक हक्कांसाठी काढलेल्या निविदेला नोव्हेंबरच्या मुदतीपर्यंत एकही बोली आली नाही. आणि सुनील छेत्री, गुरप्रीतसिंग संधू, संदेश झिंगन यांच्यासारख्या देशाच्या आघाडीच्या खेळाडूंवर जागतिक महासंघाला जाहीर साकडे घालण्याची वेळ आली. अशा परिस्थितीत ६ जानेवारी २०२६ रोजी केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी चौदा क्लबांचा, एकेरी फेरीचा, ९१ सामन्यांचा हंगाम १४ फेब्रुवारीपासून सुरू होईल असे जाहीर केले, तेव्हा देशभरातल्या समर्थकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि त्यात आम्हीही होतो.

त्या चौदा नावांच्या यादीत पुणे नाही, याची एव्हाना सवय व्हायला हवी होती. ती झालेली नाही. कारण त्या यादीत स्पोर्टिंग क्लब दिल्ली असे एक नाव आहे आणि त्या नावामागची जागा मुळात आमच्या शहराची आहे. २०१४ मध्ये सुपर लीगच्या पहिल्याच हंगामात एफसी पुणे सिटी हा संघ बालेवाडीत उतरला. २०१८-१९ च्या हंगामानंतर, मालक समूह आर्थिक अडचणीत सापडल्यावर, तो बंद झाला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच्या जागी हैदराबाद एफसी हा क्लब लीगमध्ये आला. प्रशिक्षक फिल ब्राउन पुण्याहून हैदराबादला गेले. मार्सेलिन्हो, निखिल पुजारी, आशिष राय यांच्यासारखे खेळाडू गेले. मागे राहिले ते फक्त प्रेक्षक. पुढे २०२५ मध्ये हैदराबादच्या क्लबची मालकी बदलली, तो दिल्लीला गेला आणि त्याचे नावही बदलले. सहा वर्षांत सर्वोच्च श्रेणीतली एक जागा तीन शहरांतून फिरली आणि यातल्या कोणत्याही टप्प्यावर, ज्यांच्या शहरातून ती उचलली गेली, त्या लोकांना एका शब्दानेही विचारण्यात आले नाही.

आमची मागणी एकच आहे. लीगमधली जागा ही मालकाची हस्तांतरणीय मालमत्ता न राहता ती क्लबच्या नोंदणीकृत शहराशी बांधलेली असावी आणि तसा नियम पुढील हंगामाच्या परवाना-नियमांत शब्दबद्ध व्हावा. महासंघाच्या नव्या घटनेला सर्वोच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०२५ रोजी मान्यता दिली आहे, जुना करार संपला आहे आणि लीगची चौकट नव्याने आखली जात आहे. असा मोकळा क्षण पुन्हा कधी येईल हे सांगता येत नाही, म्हणून हे पत्र आत्ता लिहीत आहोत.

या मागणीमागे काय आहे, ते समजण्यासाठी २०१२-१३ च्या आय-लीग हंगामाकडे वळणे आवश्यक आहे. आय-लीग तेव्हा देशाची सर्वोच्च लीग होती. तिच्यात चौदा संघ होते, प्रत्येकाचे सव्वीस सामने होते आणि मोहन बागान, ईस्ट बंगाल, धेम्पो, साळगावकर यांच्या पंगतीत पुणे एफसी हा अवघ्या काही वर्षांचा क्लब बसलेला होता. २००७ मध्ये स्थापन झालेला हा क्लब २००९ मध्ये दुसऱ्या श्रेणीतून वर आला होता. कोणाकडून जागा विकत न घेता तो खेळून वर आला होता, ही गोष्ट आजच्या चर्चेत मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. पहिल्याच हंगामात त्याने तिसरा क्रमांक मिळवला. २०१२-१३ मध्ये गोव्याचे डेरिक परेरा प्रशिक्षक होते. बचावात केरळचा अनस एडथोडिका होता आणि पुढे दक्षिण सुदानचा जेम्स मोगा होता. त्याच काळात अराता इझुमी हा जपानमध्ये जन्मलेला, वडिलांकडून गुजराती वंशाचा खेळाडू भारताचे नागरिकत्व स्वीकारून राष्ट्रीय संघातर्फे खेळला. तो पुण्याचा खेळाडू होता आणि बालेवाडीतल्या प्रेक्षकांना तो आपल्या घरचाच वाटत असे.

त्या हंगामात विजेतेपद चर्चिल ब्रदर्सने पटकावले. सुभाष भौमिक यांच्या त्या संघाला हंगामाच्या उत्तरार्धात सुनील छेत्रीची साथ मिळाली आणि तो ५५ गुणांवर थांबला. पुणे ५२ गुणांवर होते. म्हणजे सव्वीस सामन्यांनंतर देशाचा विजेता आणि आमचा संघ यांच्यात एका विजयाचे अंतर होते. कोलकात्याचे दोन्ही जुने क्लब, गोव्याचे धेम्पो आणि साळगावकर हे सगळे आमच्या खाली होते. उपविजेतेपदामुळे २०१४ मध्ये पुणे एफसी आशियाई महासंघाच्या चषकस्पर्धेत खेळला आणि हाँगकाँग, सिंगापूर, म्यानमार इथल्या क्लबांशी त्याची गाठ पडली. एका शहराला फुटबॉलच्या नकाशावर आणण्यासाठी याहून अधिक काय करावे लागते, हा प्रश्न आम्ही प्रामाणिकपणे विचारतो. कारण ते सगळे करून झाल्यावर, दोनच हंगामांनंतर, तो क्लब आय-लीगमधून बाहेर पडला.

याच २०१२-१३ च्या हंगामातली आणखी एक घटना आपल्या सर्वांच्या स्मरणात असेल. ९ डिसेंबर २०१२ रोजी सॉल्ट लेक स्टेडियममध्ये ईस्ट बंगालविरुद्धच्या सामन्यात मोहन बागानचा रहीम नबी प्रेक्षकांतून आलेल्या दगडाने जखमी झाला आणि मध्यंतरानंतर त्याच्या संघाने मैदानात उतरण्यास नकार दिला. महासंघाने नियमाचे पुस्तक उघडले आणि त्या शतकाहून जुन्या क्लबवर आधी बंदीची कारवाई केली. नंतर ती शिथिल करून तोवरचे सर्व गुण काढून घेतले आणि दोन कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्याच हंगामाच्या अखेरीस एअर इंडिया आणि ओएनजीसी हे संघ परवान्याच्या निकषांत बसत नाहीत, म्हणून त्यांना लीगमधून वगळण्यात आले. त्या निर्णयांच्या योग्यायोग्यतेत आम्ही येथे शिरत नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की नियम करण्याची आणि तो पाळायला लावण्याची ताकद महासंघाकडे होती आणि आहे. सामन्याचा उत्तरार्ध न खेळणाऱ्या क्लबला काय शिक्षा व्हावी, हे पुस्तकात लिहिलेले होते. क्लबने आपले संपूर्ण शहर सोडून जायचे ठरवले तर त्याने कोणाची परवानगी घ्यावी, किती आधी सांगावे, मागे काय ठेवून जावे, याविषयी शहराच्या बाजूने उभा राहणारा एकही नियम आमच्या कामी आला नाही.

पुण्याचा अनुभव एका क्लबपुरता असता तर आम्ही त्याला दुर्दैव म्हणून गप्प बसलो असतो. २०१४-१५ मध्ये आमच्या शहरात एकाच वेळी तीन व्यावसायिक संघ होते. आय-लीगमध्ये पुणे एफसी होता, कल्याणी समूहाचा नवा भारत एफसी होता, आणि सुपर लीगमध्ये एफसी पुणे सिटी होता. पुणे सिटीच्या पहिल्या हंगामात जगज्जेत्या फ्रान्सचा दावीद त्रेझेगे बालेवाडीत खेळला. तिन्ही संघांचे घर एकच, म्हाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडानगरी. देशातल्या फार थोड्या शहरांच्या वाट्याला असे वैभव आले असेल, आणि त्या वर्षी वर्तमानपत्रांच्या पुणे आवृत्त्यांत क्रीडापानावर क्रिकेटखेरीज काहीतरी मोठ्या अक्षरांत छापून येत होते, याचे आम्हाला फार अप्रूप होते. त्या हंगामात भारत एफसी तळाला राहिला आणि एकाच वर्षात बंद झाला. पुणे एफसीही त्याच उन्हाळ्यात लीगमधून गेला. २०१५-१६ मध्ये डीएसके शिवाजीयन्स हा क्लब थेट प्रवेशाने आय-लीगमध्ये आला. त्याचे मूळ पुण्याच्या स्थानिक लीगमधल्या जुन्या शिवाजीयन्समध्ये होते, म्हणून त्याच्याविषयी विशेष आपुलकी होती. दोन हंगामांनंतर, २०१७ मध्ये, तोही नाहीसा झाला. उरला होता एफसी पुणे सिटी, तो २०१९ मध्ये गेला.

चार क्लब, चार मालक, चार वेगवेगळी चिन्हे आणि रंग. २००९ मध्ये आठ वर्षांचा असलेला पुण्याचा एखादा मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत त्याच्या शहरात हे चारही क्लब आले आणि गेले. मालकांनी पैसा घातला नाही, असे आम्ही म्हणत नाही. चौघांनीही घातला, भरपूर घातला, आणि त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. मात्र प्रत्येक वेळी क्लबचे अस्तित्व एका समूहाच्या ताळेबंदावर टांगलेले राहिले आणि तो ताळेबंद बिघडला किंवा मन बदलले की शहराच्या हातात काहीच उरले नाही. मैदान शासनाचे, जागा मालकाची, खेळाडू कराराचे. प्रेक्षकांचे काय, हा प्रश्न व्यवस्थेच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हता.

पुण्यात फुटबॉलला प्रेक्षकच नाहीत, असा युक्तिवाद या ठिकाणी हमखास केला जातो, आणि तो आम्ही टाळू इच्छित नाही. सामान्य साखळी सामन्यांना बालेवाडीच्या अनेक खुर्च्या रिकाम्या असत, हे खरे आहे. पण क्रीडानगरी शहराच्या पश्चिम टोकाला, मुंबई-बंगळूर महामार्गालगत आहे. कॅम्प, खडकी, वानवडी, देहूरोड या ज्या भागांत लष्करी छावण्यांमुळे आणि मिशनरी शाळांमुळे फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या रुजला, तिथून संध्याकाळच्या वाहतुकीत बालेवाडी गाठणे आणि रात्री सामना संपल्यावर पीएमपीची बस मिळवून घरी परतणे किती कष्टाचे आहे, हे ज्यांनी केले त्यांनाच ठाऊक. तरीही ७ मार्च २०१८ रोजी, सुपर लीगच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना बंगळूर एफसीविरुद्ध बालेवाडीत झाला, तेव्हा तिथे जो आवाज होता तो प्रेक्षक नसलेल्या शहराचा नव्हता. साखळीत ३० गुणांसह चौथे येऊन एफसी पुणे सिटी प्रथमच बाद फेरीत पोचला होता. आल्फारो आणि मार्सेलिन्हो ही जोडी भरात होती. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. चार दिवसांनी बंगळुरात छेत्रीने तीन गोल केले आणि आम्ही ३-१ असे हरलो. त्या रात्री निराश होऊनही आमच्यातल्या प्रत्येकाला वाटत होते की पुढच्या वर्षी आपण याहून पुढे जाऊ. पुढच्या वर्षाअखेर क्लबच राहिला नाही.

आणि मुळात प्रेक्षक कसे घडतात, याचाही विचार व्हावा. मोहन बागान १८८९ पासून आणि ईस्ट बंगाल १९२० पासून आपल्या शहरात आहेत. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम किंवा फुलेवाडीचा संघ उतरतो, तेव्हा गॅलरीत बसलेला माणूस आपल्या पेठेच्या, आपल्या वडिलांच्या संघाला पाहायला आलेला असतो. त्या संघाला कोणी उचलून दुसऱ्या गावी नेईल, अशी शंका त्याच्या मनाला शिवत नाही. आमच्या चार क्लबांपैकी एकाचे सर्वोच्च श्रेणीतले आयुष्य एक हंगाम होते, एकाचे दोन, एकाचे पाच आणि एकाचे सहा. आंब्याची कोय लावून दुसऱ्या पावसाळ्यात फळ का नाही म्हणून रोप उपटायचे आणि वर जमिनीला दोष द्यायचा, अशातला हा प्रकार आहे.

हैदराबादविषयीही येथे लिहिले पाहिजे, कारण आमचे भांडण त्या शहराशी कधीच नव्हते. सय्यद अब्दुल रहीमसाहेबांचे हैदराबाद, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या सुवर्णपदकापर्यंत भारताला नेणाऱ्या प्रशिक्षकाचे हैदराबाद, सर्वोच्च लीगमध्ये असायलाच हवे होते. २० मार्च २०२२ रोजी फातोर्ड्यात केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून हैदराबाद एफसी विजेता झाला. त्या विजेत्या संघात पुण्याहून गेलेले आशिष राय आणि निखिल पुजारी होते, याचा आम्हाला अभिमान वाटला आणि वाईटही वाटले. तीनच वर्षांनी त्याच शहराच्या प्रेक्षकांवर आमच्यासारखीच वेळ आली. देशाचे विजेतेपद मिळवूनही शहराची जागा सुरक्षित राहत नसेल, तर आज या लीगमधला कोणत्या शहराचा समर्थक निर्धास्त आहे? जमशेदपूरचा, गुवाहाटीचा, भुवनेश्वरचा? आपल्या क्लबांच्या संचालकांनाही आम्ही हाच प्रश्न विचारतो, म्हणून हे पत्र त्यांनाही उद्देशून आहे.

आता अपेक्षित आक्षेपाकडे वळू. २०२५ च्या निविदेला एकही बोलीदार पुढे आला नाही, अशा काळात मालकांवर आणखी बंधने घातली तर उरलेले गुंतवणूकदारही निघून जातील, असे म्हटले जाईल. हा आक्षेप गंभीर आहे. क्लब चालवणे तोट्याचे आहे, याची आम्हाला कल्पना आहे, आणि मालकाला बाहेर पडण्याचा हक्क नसावा असे आम्ही कुठेही म्हटलेले नाही. मालकाने जरूर बाहेर पडावे, क्लब त्याच शहरात दुसऱ्या मालकाला विकावा, विकला न गेल्यास बंदही करावा. आमचा विरोध फक्त एका गोष्टीला आहे, आणि ती म्हणजे जागा सोबत घेऊन जाणे. जागा जर शहराबाहेर नेता येत नसेल, तर मालक बदलला तरी नव्या मालकाला त्याच शहरातले प्रेक्षक, त्याच शाळा, तीच अकादमी हाती घ्यावी लागेल आणि वर्षानुवर्षे साचलेली निष्ठा त्याच्या कामी येईल. दर काही वर्षांनी शून्यातून सुरुवात करणाऱ्या क्लबात पैसा घालण्यापेक्षा अशा क्लबात घालणे कोणत्याही शहाण्या गुंतवणूकदाराला अधिक भरवशाचे वाटेल, असे आमचे मत आहे.

नियम कसा असावा, याविषयी आमची सूचना अशी आहे. परवाना देतानाच क्लबचे नोंदणीकृत शहर नमूद करावे. ते बदलायचे असल्यास किमान एक पूर्ण हंगाम आधी लेखी अर्ज करणे बंधनकारक असावे आणि त्या अर्जावर संबंधित शहरात जाहीर सुनावणी व्हावी. तीत राज्य संघटना, जिल्हा संघटना आणि समर्थक या तिघांनाही बाजू मांडता यावी. त्याच शहरात क्लब चालवायला दुसरा कोणी सक्षम इच्छुक तयार असेल, तर स्थलांतराला परवानगीच देऊ नये. क्लब बंद झाल्यास त्याची जागा महासंघाकडे परत यावी आणि ती फक्त दुसऱ्या श्रेणीतून गुणवत्तेवर बढती मिळवणाऱ्या संघाने भरावी. कोणत्याही शुल्काच्या बदल्यात ती नव्या शहरातल्या नव्या कंपनीला देऊ नये. पंजाब एफसी आणि मोहमेडन स्पोर्टिंग हे क्लब दुसऱ्या श्रेणीतून जिंकून सर्वोच्च श्रेणीत आलेच आहेत, त्यामुळे हा मार्ग अशक्य आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. आशियाई महासंघाच्या परवाना-निकषांत क्रीडा, पायाभूत सुविधा, कर्मचारी व प्रशासन, कायदेशीर बाबी आणि आर्थिक स्थिती असे पाच विभाग आहेत. त्यांतल्या कायदेशीर विभागात राष्ट्रीय महासंघाने एवढी भर घालणे अवघड नसावे.

परदेशाचे दाखले देण्याची आम्हाला हौस नाही, परंतु एक येथे लागू पडतो. लंडनच्या विम्बल्डन क्लबला २००२ मध्ये मिल्टन कीन्स या दूरच्या शहरात जाण्याची परवानगी मिळाली. समर्थकांनी त्याच वर्षी एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा क्लब काढून अगदी खालच्या पातळीवरून सुरुवात केली आणि २०११ मध्ये तो व्यावसायिक लीगमध्ये पोचला. त्यांना हे साधले, कारण त्यांच्या देशात तळापासून वर जाणाऱ्या पायऱ्या अखंड होत्या. आणि इतक्या वर्षांनंतर, २०२५ मध्ये, तिथे फुटबॉल प्रशासनाचा कायदाच झाला, ज्यात घरचे मैदान सोडण्यापूर्वी स्वतंत्र नियामकाची मंजुरी घेण्याची तरतूद आहे. पुण्यातल्या समर्थकांनी उद्या आपला क्लब काढायचा म्हटले, तर जिल्हा लीग, मग राज्य लीग, मग आय-लीगच्या खालच्या श्रेणी अशी वाट कागदावर आहे. २०१९ मध्ये आशियाई महासंघाने मान्य केलेल्या आराखड्यात बढतीबरोबर पदावनतीचाही टप्पा होता. ती पदावनती २०२४-२५ च्या हंगामापर्यंत प्रत्यक्षात आली नव्हती. तळाचा संघ खाली जात नसेल तर वरची दारे किती काळ उघडी राहतील, याची खात्री खालून येणाऱ्या कोणत्या क्लबला वाटेल?

अकादमीतल्या मुलांचा मुद्दा आम्ही मुद्दाम स्वतंत्रपणे मांडत आहोत, कारण क्लब बंद झाल्याची सर्वांत मोठी किंमत त्यांनी मोजली. पुणे एफसीच्या मामुर्डीच्या अकादमीने राष्ट्रीय कनिष्ठ लीगची विजेतेपदे जिंकली होती. पुणे एफसी गेल्यावर २०१६ मध्ये एफसी पुणे सिटीने ती अकादमी घेतली, म्हणून काही काळ ती वाचली. डीएसके शिवाजीयन्सने लिव्हरपूल क्लबच्या सहकार्याने पुण्याजवळ निवासी अकादमी उभारली होती. ईशान्येतून, गोव्यातून, कोल्हापुरातून आलेली मुले आईवडिलांपासून दूर या वसतिगृहांत राहत, इथल्या शाळांत शिकत. व्यावसायिक खेळाडूच्या हातात निदान करार असतो. चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात काय असते? ज्या क्लबची अकादमी आहे, त्याने नोंदणी केलेल्या सर्व मुलांचे शालेय वर्ष पूर्ण होईपर्यंतचा खर्च भागेल एवढी बँक हमी महासंघाकडे आगाऊ ठेवावी, आणि क्लब बंद होताच त्या मुलांना कोणतेही शुल्क न लागता दुसऱ्या क्लबकडे जाण्याची मोकळीक मिळावी. आमच्या सगळ्या सूचनांपैकी एकच मान्य होणार असेल, तर ही व्हावी.

क्लबचे नाव, चिन्ह आणि विक्रम यांचाही प्रश्न आहे. तो पैशाच्या दृष्टीने क्षुल्लक असला तरी आमच्यासाठी नाही. बंद झालेल्या क्लबचा हा वारसा राज्य संघटनेकडे विश्वस्त म्हणून जावा, म्हणजे त्या शहरात पुढे उभा राहणारा क्लब तो पुढे चालवू शकेल. २०१२-१३ चे उपविजेतेपद आज कोणाच्या नावावर आहे, असे विचारले तर अस्तित्वात नसलेल्या एका कंपनीच्या असेच उत्तर द्यावे लागते.

पुण्याकडे साधने नाहीत, असेही नाही. बालेवाडीच्या मैदानावर २०२२ च्या महिला आशियाई चषकाचे सामने झाले, म्हणजे आशियाई महासंघाच्या कसोटीला ते उतरलेले आहे. राज्य शासनाची क्रीडा प्रबोधिनी त्याच परिसरात आहे. जिल्हा संघटनेच्या लीगमध्ये दरवर्षी डझनावारी संघ वेगवेगळ्या गटांत खेळतात आणि एसएसपीएमएसच्या मैदानावर दुपारच्या उन्हात होणारे ते सामने पाहायला आजही माणसे येतात. या मुलांपैकी कोणी आपल्याच शहराच्या संघातून सर्वोच्च लीगमध्ये खेळण्याचे स्वप्न पाहिले, तर त्याला आज दाखवायला संघ नाही.

तरी आमची नम्र आणि आग्रहाची विनंती आहे की पुढील हंगामाच्या परवाना-प्रक्रियेचे परिपत्रक काढण्यापूर्वी स्थलांतर व विसर्जन यांविषयीच्या नियमाचा मसुदा कार्यकारी समितीसमोर ठेवावा, तो जाहीर करून समर्थकांच्या आणि राज्य संघटनांच्या सूचनांसाठी किमान तीस दिवस द्यावेत, आणि सुनावणी घेतल्यास पुणे व हैदराबाद या दोन्ही शहरांच्या प्रतिनिधींना बोलवावे. आम्ही स्वखर्चाने येऊ. या पत्राच्या प्रती वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन आणि पुणे जिल्हा फुटबॉल संघटना यांना देत आहोत. त्यांनी आपापले लेखी मत महासंघाकडे पाठवावे, अशी त्यांनाही विनंती आहे. हा विषय समितीच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेतला जाणार आहे की नाही, याचे लेखी उत्तर मिळावे.

आपला विश्वासू,
पुण्यातील फुटबॉल समर्थकांच्या वतीने,
बालेवाडीचा एक नियमित प्रेक्षक
पुणे